ट्रॅव्हॉन वॉकर खरंच पहिल्या नंबरच्या लायकीचा होता का?

नदीपलीकडे

मंडळी, जरा मदत करा. जॅक्सनव्हिलला येईपर्यंत फुटबॉल म्हटलं की मेस्सी एवढंच डोक्यात होतं, आता मात्र अमेरिकन फुटबॉलपायी रविवारी दुपारी एक ते चार मी घरात असूनही नसतो हे बायकोनेही मान्य केलंय.

तर विषय असा की ऑफिसमध्ये जॅग्वार्सचं, म्हणजे इथल्या एनएफएल टीमचं, नाव निघालं की कुणीतरी ट्रॅव्हॉन वॉकरवर घसरतंच. २०२२ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम्स कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यातला, पहिल्या नंबरचा पोरगा. लगेच दुसऱ्या नंबरवर डेट्रॉइटने एडन हचिन्सनला घेतला आणि तेव्हापासून इथे सगळ्यांचं एकच पालुपद, घोडचूक केली घोडचूक केली. मी आकडे काढून बघितले. पहिल्या वर्षी ३.५ सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, पास टाकायच्या आधीच पाडणं), दुसऱ्या वर्षी १०, २०२४ ला १०.५. म्हणजे २०२४ पर्यंत वरच गेला ना? आणि एप्रिल २०२५ मध्ये टीमने त्याचा पाचव्या वर्षाचा ऑप्शन (पहिला करार एक वर्ष वाढवायचा हक्क) पण घेतला, म्हणजे तो करार २०२६ पर्यंत गेला. बरं हे करणारे कोच आणि जीएम (खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर) दोघेही २०२५ लाच आले, त्यांनी काही त्याला निवडला नव्हता, त्यांना नकोसा असता तर सोडला असता की.

मग फसलेला पिक (निवड) कसा काय? आणि मला मुळात हेच कळत नाही की डिफेन्सिव्ह लाईनवाल्याचं मोजायचं काय. क्वार्टरबॅकचं बरंय, बॉल कुठे गेला ते दिसतं. रिसीव्हरने पकडला की सोडला ते दिसतं. हा बाबा पन्नास-साठ वेळा समोरच्याला धडक मारतो, त्यात एखाद्या वेळी कॉमेंटेटर त्याचं नाव घेतो, बाकीच्या वेळी तो चांगलं करत होता की नुसताच ढकलाढकली करत होता हे टीव्हीवर कसं ओळखायचं? जाणकारांनी उजेड पाडावा.

चौथा_डाऊन

ऑफिसवाल्यांचं मत मला पटतं. फक्त ते सॅक मोजून बोलत असतील तर तो हिशोब अर्धवट आहे.

वॉकरला घेतला कशासाठी ते आधी बघा. जॉर्जियाला तीन सीझन मिळून ९.५ सॅक. तीन सीझन मिळून! हचिन्सनने मिशिगनला एकट्या २०२१ मध्ये १४ केले, त्यांच्या युनिव्हर्सिटीचा रेकॉर्ड मोडला आणि हाइजमनच्या (कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू) मतदानात ब्राइस यंगच्या खालोखाल दुसरा आला, डिफेन्सचा माणूस तिथवर पोचणं म्हणजे काय खायची गोष्ट नाही. मग कंबाइन झालं, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी. वॉकर २७२ पौंडांचा गडी, ४० यार्ड ४.५१ सेकंदात पळाला. हात मोजले तर साडेपस्तीस इंच. हचिन्सनचे ३२ च्या किंचित वर. तिथे सगळं फिरलं.

तेव्हाचे जीएम ट्रेंट बाल्की, यांना लांब हातांचे आणि अंगापिंडाने तगडे खेळाडू भारी आवडायचे. सॅन फ्रान्सिस्कोला असताना २०११ मध्ये सातव्या नंबरवर ऑल्डन स्मिथ घेतला तो याच साच्यातला, त्याने पहिल्या वर्षी १४ आणि दुसऱ्या वर्षी १९.५ सॅक करून दिले, मग माणसाला वाटणारच की आपल्याला पारख आहे. पण त्याच कंबाइनमध्ये थ्री-कोन नावाचा ड्रिल असतो, तीन कोनभोवती वळत पळायचं, त्यात हचिन्सन ६.७३ आणि वॉकर ६.८९. टॅकलला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या समोरच्या लाईनमनला) वळसा घालून क्वार्टरबॅककडे वाकून जायला हीच चपळाई लागते हो, सरळ ४० यार्ड पळायची वेळ लाईनमनवर वर्षातून किती वेळा येते?

माझं म्हणणं एवढंच, की सातवा-आठवा पिक असता तर असा जुगार मी समजून घेतला असता. पहिल्या नंबरवर, समोर तयार माल उभा असताना, नाही.

आणि "पोरगा कच्चा होता, लहान होता" हे पण कुणी सांगू नका. वॉकरचा जन्म डिसेंबर २००० चा, हचिन्सनचा ऑगस्ट २००० चा. चार महिन्यांचा फरक आहे फक्त.

हडल_हडल

चौथा_डाऊन, तुम्ही दरवेळी बाल्कीवर चिडता आणि भरपाई वॉकरकडून मागता 😄

मी ह्यूस्टनची, त्यामुळे मला हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटतं. २००६ ला टेक्सन्सकडे पहिला पिक होता. बाहेर रेजी बुश उभा, अख्खा देश त्याच्या मागे वेडा. विन्स यंग उभा, तो तर आमच्या ह्यूस्टनचाच पोरगा, टेक्सासला नुकतीच चॅम्पियनशिप जिंकून दिलेली. आणि टेक्सन्सनी घेतला कोण तर नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा मारिओ विल्यम्स, डिफेन्सिव्ह एंड. गावात सुतकी वातावरण. लोक टीमच्या नावाने बोटं मोडत होते. पहिल्या वर्षी विल्यम्सने केले ४.५ सॅक, आणि मग काय विचारता, रेडिओवर दिवसभर तेच दळण. तो पायाच्या तळव्याच्या दुखण्यासह खेळत होता हे फार कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी १४ सॅक, तिसऱ्या वर्षी १२. आज कुणी म्हणेल का की बुशला घ्यायला हवं होतं? म्हणणारे असतील पण हळू आवाजात.

लाईनवाल्याला वेळ लागतो, विशेषतः ज्याला कॉलेजात वेगळं काम दिलेलं असतं त्याला. जॉर्जियाच्या त्या डिफेन्समधून पहिल्याच राऊंडमध्ये पाच जण गेले होते २०२२ ला, वॉकर धरून. जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट, लुईस सीन आणि हा. अशा टीममध्ये एकट्याला मोकळं रान देऊन "जा, सॅक कर" असं कुणी सांगत नाही. वॉकर कधी आतल्या बाजूला गार्डसमोर, कधी बाहेर, कधी चक्क मागे सरकून पास कव्हर करायला. सॅक कमी येणारच ना.

आणखी एक उदाहरण द्यायचं तर २०१० चा ड्राफ्ट. दुसऱ्या नंबरवर सू, तिसऱ्यावर जेराल्ड मॅकॉय, दोघेही डिफेन्सिव्ह लाईनवाले. सूने पहिल्याच वर्षी १० सॅक केले. मॅकॉयचा पहिल्या दोन्ही वर्षी दंडाचा स्नायू फाटला, दोन्ही सीझन अर्धवट राहिले, टॅम्पाला लोकांनी त्याच्यावर फुली मारली होती. त्यानंतर सलग सहा प्रो बोल, म्हणजे सीझनच्या निवडक खेळाडूंत नाव.

रात्रपाळी_पुणे

मधेच विचारतो, माफ करा. आयपीएलसारखा लिलाव का नाही करत हे लोक? ज्याला जास्त पैसे त्याने घ्यावा, विषय संपला.

नदीपलीकडे

@रात्रपाळी_पुणे उलटं आहे इथे. जी टीम सगळ्यात खाली तिला पहिली निवड, म्हणजे श्रीमंत मालकाने सगळे चांगले उचलले असं होत नाही. आमच्या जॅग्वार्सनी यात पीएचडी केलीय, २०२० ला १ जिंकली १५ हरल्या, त्यात क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स मिळाला, २०२१ ला ३ जिंकल्या १४ हरल्या, त्यात वॉकर. लागोपाठ दोन वर्षं वर्गात शेवटचे, म्हणून लागोपाठ दोन वर्षं पहिली निवड. पोराला टीम निवडायचा काही अधिकार नाही, ज्याने नाव घेतलं तिकडे जायचं.

नोव्हीची_ताई

मिशिगनवाली आहे, तेव्हा माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

एडन इथलाच, प्लिमथचा. त्याचे वडीलही मिशिगनलाच खेळलेले. ड्राफ्टच्या रात्री जॅक्सनव्हिलने वॉकरचं नाव घेतलं तेव्हा आमच्या घरी जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्यांना वाटलं असेल काहीतरी अपघात झाला. लायन्सनी (डेट्रॉइटची टीम) निवडीचं कार्ड द्यायला वेळसुद्धा लावला नाही. पहिल्या वर्षी ९.५ सॅक आणि त्यावर ३ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं), डिफेन्सिव्ह लाईनच्या माणसाने. दुसऱ्या वर्षी ११.५. २०२४ ला पाच मॅचमध्ये ७.५. पाच मॅचमध्ये! मग १३ ऑक्टोबरला डॅलसला पायाची दोन्ही हाडं मोडली आणि सीझन संपला, ते आठवलं तरी अजून पोटात गोळा येतो, मी तो रिप्ले पुन्हा बघितलेला नाही, बघणारही नाही.

आता नदीपलीकडे यांनी वर दिलेले आकडे मांडा. वॉकर तीन वर्षांत २४. एडन २८.५, तेही जवळजवळ एक अख्खा सीझन बाहेर बसून. आणि सॅक सोडून द्या हो. एडन समोर आला की ऑफेन्सवाले आधी टाइट एंडला (लाईनशेजारचा धिप्पाड रिसीव्हर) त्याच्या बाजूला आणून ठेवतात, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जाता जाता त्याला खांदा मारून जातो, म्हणजे एकासाठी दोन-तीन माणसं अडकतात. वॉकरसाठी कुणी असं करताना मी तरी फारसं बघितलं नाही.

हडल_हडल, तुमचं मारिओ विल्यम्सचं उदाहरण छान आहे पण तिथे दुसरा पर्याय बुश होता, रनिंग बॅक. इथे त्याच जागेवर खेळणारा, त्याच वयाचा माणूस पुढच्याच नंबरवर गेला. तुलना टाळता येत नाही.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जॅग्वार्स डेट्रॉइटला आले होते तेव्हा एडन खेळत नव्हता, तरी लायन्स ५२-६ जिंकले. असो.

नदीपलीकडे

ताई ते ५२-६ काढायची काही गरज होती का 😭

हात_जमिनीवर

सगळं वाचून काढलं. मी बे एरियात, मुलगा हायस्कूलला डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो त्यामुळे त्याच्या कोचकडून फुकटात बरंच शिकायला मिळालंय. मूळ प्रश्न होता की टीव्हीवर ओळखायचं कसं, त्यावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो, लांबेल.

पहिली गोष्ट, बॉल बघणं सोडा. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला, की पहिले दोन सेकंद फक्त तुमच्या माणसाकडे बघायचं. त्याचं पहिलं पाऊल स्नॅपबरोबर पडतं की सगळे हलल्यावर? मग हात. टॅकलचे हात याच्या छातीवर आधी लागले की याचे त्याच्या छातीवर? ज्याचे हात आधी आत जातात तो बहुतेक वेळा जिंकतो, आणि बाल्कीला लांब हात का हवे असतात त्याचं कारण हेच आहे, ते काही अगदीच खूळ नाही चौथा_डाऊन. वॉकर लांब हात टॅकलच्या छातीत रोवून त्याला सरळ मागे, क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवतो, याला बुल रश म्हणतात, आणि ते तो पहिल्या वर्षापासून करतोय. अडचण त्यापुढे होती. टॅकलने पाय घट्ट रोवून बुल रश अडवला की दुसरा डाव काय? २०२२ मध्ये त्याच्याकडे दुसरा डावच नव्हता. अडला की अडला, मग नुसती रेटारेटी. हचिन्सन अडला की लगेच गिरकी घेऊन आतून निघतो किंवा हात झटकून बाहेरून, एका रशमध्ये दोन डाव. हे शिकवून येतं, पण वेळ लागतो.

दुसरं, सॅक कसा आला ते बघायचं. तीन सेकंदांच्या आत टॅकलला हरवून घेतलेला सॅक वेगळा आणि क्वार्टरबॅक इकडून तिकडे पळत सुटला, कव्हरेज चांगलं होतं, कुणी मोकळं सापडेना, शेवटी सहा सेकंदांनी याच्या अंगावर येऊन पडला तो सॅक वेगळा. कागदावर दोन्ही एकच. दोघांनी मिळून पाडला तर अर्धा अर्धा. म्हणून ज्यांना खोलात जायचंय ते प्रेशर बघतात, किंवा विन रेट, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत त्याने समोरच्याला हरवलं की नाही, मग सॅक होवो न होवो. क्वार्टरबॅकने घाईघाईत बॉल फेकून दिला तर लाईनवाल्याचं काम झालेलंच असतं, त्याच्या नावावर काही चढत नाही एवढंच.

तिसरं, रन, म्हणजे पास न टाकता बॉल घेऊन पळणं. हे फार कुणी मोजत नाही आणि वॉकरचं खरं सोनं इथे आहे. धावणारा बाहेरच्या बाजूने निघाला की एजवाल्याने (लाईनच्या टोकाला असतो त्याने) बाहेरचा खांदा मोकळा ठेवून उभं राहायचं, रस्ता बंद करायचा, म्हणजे त्याला झक मारत आत वळावं लागतं, तिथे लाईनबॅकर (लाईनच्या मागचे बचावपटू) वाट बघत असतात. पाडल्याचं श्रेय लाईनबॅकरच्या नावावर. याच्या नावावर शून्य. वॉकर हे काम पहिल्या वर्षीच चांगलं करत होता, त्याच्या अंगावर टाइट एंड एकटा सोडला तर त्या बिचाऱ्याचं काही खरं नसतं.

त्याचा पहिला सामना आठवतोय का कुणाला? सप्टेंबर २०२२, वॉशिंग्टन. एक सॅक, वर क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा पास मधेच पकडला. मॅच हरले पण सगळे म्हणाले मिळाला आपल्याला. मग महिनाभरातच टेक्सन्सविरुद्ध तिसरा डाऊन (चारांतला तिसरा प्रयत्न), २० यार्ड बाकी असताना याने क्वार्टरबॅक डेव्हिस मिल्सला उचलून आपटला, पेनल्टी, टेक्सन्सना फुकट फर्स्ट डाऊन (नवे चार प्रयत्न), त्याच चढाईत मॅचमधला एकमेव टचडाऊन, १३-६ हरले. तिसरा डाऊन २० हो! नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं. त्या दिवसापासून गावात त्याच्याबद्दल जी अढी बसली ती मला वाटतं अजून गेली नाहीये, आणि तुमच्या ऑफिसातली निम्मी मतं त्या एका पेनल्टीवर उभी असतील.

जागेचं पण बघा. जॉर्जियाला वेगळं काम. इथे पहिली दोन वर्षं माइक कॉल्डवेलच्या डिफेन्समध्ये तो उभा राहून खेळणारा आउटसाइड लाईनबॅकर, कधी पासला मागे सरकणारा. २०२४ ला रायन नील्सन आले, त्यांनी हात जमिनीवर टेकवून चार जणांच्या लाईनमधला एंड केला. २०२५ ला ते पण गेले, ग्रीन बेहून अँथनी कॅम्पानिली आले. चौथ्या वर्षाला तिसरा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा कोच). हचिन्सनचा पहिल्या तीनही वर्षं ॲरन ग्लेन होता, एकच. हे तुलनेत धरायला नको का?

चौथा_डाऊन

@हात_जमिनीवर पोस्ट झकास. पण एक राहिलं. २०२३ ला दुसऱ्या बाजूला जॉश हाइन्स-ॲलनने १७.५ सॅक केले, फ्रँचायझीचा रेकॉर्ड. म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि त्या सावलीत वॉकरचे १०. त्यातले किती स्वतःच्या जोरावर?

हात_जमिनीवर

२०२३ बद्दल मान्य. मग २०२४ चं काय? हाइन्स-ॲलन ८, वॉकर १०.५. टीममध्ये सगळ्यात जास्त. टीम ४-१३, म्हणजे बहुतेक मॅचमध्ये समोरचे आघाडीवर, त्यांना पास करायची गरजच कमी, ते आपले रन मारून वेळ काढतायत. अशा मॅचमध्ये सॅक कमावणं अवघड असतं. हे मात्र खरं की २०२४ पर्यंत त्याला एकही प्रो बोल नाही, आणि एकदाही असं झालं नाही की समोरच्या टीमने आठवडाभर फक्त याचाच विचार केला.

कॅप_कोलंबस

सगळे सॅकवर भांडतायत, पैशाचं कुणी बोलत नाहीये. माझं मत सरळ आहे, हल्लीच्या काळात पहिल्या नंबरवर "चांगला" खेळाडू मिळाला तरी टीमचं नुकसान होत नाही, झालंच तर हुकलेल्या फायद्याचं होतं.

२०१० ला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड पहिला गेला, सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी पक्के, एकही पास टाकायच्या आधी. तो पिक फसला की टीमचं कंबरडं मोडायचं. २०११ ला लीग आणि खेळाडूंचा नवीन करार झाला, रुकींचे (नवख्यांचे) पगार बांधून टाकले, त्या वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. वॉकरला २०२२ ला चार वर्षांचे ३.७ कोटीच्या आसपास. वर्षाला ९० लाख ते एक कोटीच्या मधे, आणि त्यात दोन सीझन दहा किंवा वर सॅक देणारा एज. बाजारात असा माणूस दुपटीत मिळत नाही. त्या हिशोबाने वॉकरने आपले पैसे कधीच फेडले.

खरा फसलेला पिक बघायचा असेल तर २०१९ चे रेडर्स बघा. चौथ्या नंबरवर क्लेलिन फेरेल, चार वर्षांत १० सॅक, पाचव्या वर्षाचा ऑप्शन पण घेतला नाही. तीनच नंबरनंतर सातव्याला तुमचाच हाइन्स-ॲलन, तेव्हा नुसता जॉश ॲलन होता, त्याने पहिल्या वर्षी १०.५ केले. आणि गंमत म्हणजे त्याच रेडर्सनी त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या राऊंडला, १०६ व्या नंबरवर मॅक्स क्रॉसबी उचलला, ज्याने पहिल्याच वर्षी १० सॅक केले. एकाच टीमने, एकाच वर्षी, एकाच जागेसाठी. निवड करणाऱ्यांना फार काही कळतं असं समजायचं कारण नाही.

नोव्हीची_ताई

कॅप_कोलंबस, हुकलेला फायदा म्हणता तेच तर सगळं आहे. २०२२ ला पहिल्या पाचात बघा कोण होते. वॉकर, एडन, मग स्टिंगली, सॉस गार्डनर, थिबडो. गार्डनर पहिल्या दोन्ही वर्षी ऑल-प्रो (वर्षाचा सर्वोत्तम संघ), स्टिंगली २०२४ ला ऑल-प्रो. म्हणजे वॉकरच्या पाठोपाठ गेलेल्या चारांपैकी तिघं उघडउघड वरचढ निघाले. पगार परवडला म्हणून निवड बरोबर ठरत नाही. मी वॉकरला वाईट म्हणतच नाहीये, आमच्याकडे आला तर एडनच्या दुसऱ्या बाजूला आनंदाने उभा करू.

हडल_हडल

ताई तुम्हाला सगळेच हवेत. पण हा मुद्दा घेतला मी. तरी दुसऱ्या टोकाचं उदाहरण पण ठेवते, परत ह्यूस्टनचंच. २०१४ चा पहिला पिक जॅडेव्हियन क्लाऊनी. काय ती हवा होती त्याची कॉलेजात! पहिल्या वर्षी गुडघा, चारच मॅच खेळला. नंतर प्रो बोलला गेला, रनविरुद्ध जबरदस्त, पण इतकी वर्षं खेळून एकाही सीझनला १० सॅक नाहीत, दोनदा ९.५ वर अडकला. आणि त्याच ड्राफ्टमध्ये १३ व्या नंबरवर ॲरन डोनाल्ड. ह्यूस्टनमध्ये कुणी क्लाऊनीला शिव्या देत नाही फारसं, चांगला खेळला. पण डोनाल्डचं नाव निघालं की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. मला वाटतं वॉकर शेवटी मारिओ विल्यम्स आणि क्लाऊनीच्या मधे कुठेतरी जाईल, आणि विल्यम्सच्या जवळ जायला त्याला एक १४-१५ चा सीझन लागेल. दहा-दहा करत राहिला तर क्लाऊनीच.

नदीपलीकडे

एवढं सगळं लिहिलंत, खूप आभार. उद्या ऑफिसात थ्री-कोनचा ६.७३ आणि ६.८९ फेकणार आहे, कुणाला माहीत नसणार.

मला आता असं वाटतंय की पोराला नावं ठेवायचं कारण नाही, त्याने स्वतःला काही पहिल्या नंबरवर बसवलं नव्हतं. बाल्की गेले जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्याशी भांडायचं तर भांडा. पण ताईंच्या त्या चारातले तिघं या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही, ते आपलं गप गिळतो. आता कोच लिअम कोनच्या टीममध्ये मी पुढच्या चार-पाच मॅच फक्त वॉकरच बघणार, अडल्यावर दुसरा डाव काढतो का ते. एक अडचण आहे, टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे जातो, हा फ्रेमच्या बाहेर. त्याला काही उपाय?

हात_जमिनीवर

एनएफएल प्लस प्रीमियम घ्या, त्यात कोचेसचा व्हिडिओ मिळतो, ऑल-२२ म्हणतात, मैदानावरचे बावीसच्या बावीस दिसतात. एंड झोनच्या मागून घेतलेला अँगल असतो तो लावा, लाईनचं काम त्यातच कळतं, बाजूच्या अँगलमध्ये सगळे एकमेकांच्या आड. लाइव्ह नसतो, मॅच झाल्यावर येतो. आणि पहिल्यांदा बघताना फक्त तिसरे डाऊन बघा, नाहीतर कंटाळाल.

रात्रपाळी_पुणे

मी पण बघेन म्हणतो. जॅग्वार्सची लंडनला मॅच होती ना ऑक्टोबर २०२५ मध्ये, रॅम्सबरोबर? तशी मॅच तरी आपल्याकडे माणसाच्या वेळेला लागते. वॉकर कितवा नंबर घालतो?

नदीपलीकडे

हो, १९ ऑक्टोबरला होती, वेम्बली, तुमच्याकडे संध्याकाळी सात. वॉकर ४४. हाइन्स-ॲलन ४१, दोघं लांबून सारखेच दिसतात, आधी नंबर नीट बघून घ्या नाहीतर भलत्याचंच कौतुक करत बसाल.